अस्सलबरहुकूम नक्कल

ज्या खेळांत एक ठेंगणा नायक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे अविश्रांत धावत असतो, वाटेतले खड्डे उड्या मारून ओलांडतो, डोक्याने विटा फोडतो, कासवे पायाखाली तुडवतो आणि अखेरीस राजकन्येची सुटका करूनही पुन्हा पहिल्याच स्टेजवर येऊन उभा राहतो, अशा खेळांविषयी मराठीत एखादे पुस्तक सिद्ध व्हावे, आणि त्यातही मूळ खेळांपेक्षा त्यांच्या कित्येक वर्षांनी निघालेल्या नव्या आवृत्त्यांचीच चर्चा अधिक असावी, हे ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला जाणीव आहे. पोरखेळाला प्रस्तावना कशाला, असा प्रश्न ते विचारतील. त्यांना एवढेच निवेदन करावयाचे की, ज्या पिढीने हे खेळ खेळले ती आता चाळिशीच्या आसपास आली आहे. तिच्या हातात पैसा आला आहे, तिची मुले त्याच वयाची झाली आहेत, आणि हे ओळखूनच जपान-अमेरिकेतील कंपन्या तिचे बालपण नव्या वेष्टनात तिला पुन्हा विकीत आहेत. जो माल इतक्या मोठ्या प्रमाणावर विकला जात आहे, तो अस्सलबरहुकूम आहे की नाही, हे तपासून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असलाच पाहिजे.

कोल्हापूरच्या माणसाला तरी पुनर्निर्मिती हा प्रकार अपरिचित नसावा. बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि 1936 साली तोच विषय घेऊन त्याचा बोलपट केला. 1920 साली त्यांनीच पडद्यावर आणलेली ‘सैरंध्री’ प्रभात कंपनीने 1933 मध्ये पुन्हा हाती घेतली आणि तिच्या रंगीत प्रतींसाठी थेट जर्मनीपर्यंत मजल मारली. रंगभूमीवर तर जुन्या संहितेला नवा नटसंच देण्याचा शिरस्ता फार पूर्वीपासूनचा. अगदी अलीकडे, 2010 पासून पुढे, सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ या उपक्रमात ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमीदाबाईची कोठी’ यांसारखी नाटके मोजक्याच प्रयोगांसाठी पुन्हा उभी केली, तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी मनातल्या मनात जुन्या नटांशी नव्यांची तुलना केलीच असणार. परंतु या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो. 1925 च्या ‘सावकारी पाशा’त तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी केली होती. ज्याने तो मूकपट पाहिला आणि अकरा वर्षांनी बोलपटही पाहिला, त्याचे डोळे आणि कान यांना काय वाटले एवढाच प्रश्न होता. व्हिडिओ गेमच्या पुनर्निर्मितीत मात्र पहिल्या प्रयोगातला नट आणि आजचा नट एकच असतो, आणि तो म्हणजे खेळणारा स्वतः. तीस वर्षांपूर्वी ज्या नटाने एका विशिष्ट रंगमंचावर शेकडो प्रयोग केले, त्यालाच तीच भूमिका करावयास बोलवावे, पडदे नवे, रोषणाई झगझगीत, पण रंगमंचाची एखादी पायरी कोणालाही न सांगता दोन बोटे उंच करून ठेवावी, म्हणजे त्या नटाचे जे होईल तेच अशा खेळाडूचे होते.

येथे उडीविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण या पुस्तकाचा सारा डोलारा तिच्यावरच उभा आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निन्टेंडो कंपनीने 13 सप्टेंबर 1985 रोजी जपानात प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला आणि कोजी कोंदो यांनी संगीत दिलेला तो संपूर्ण खेळ, त्याच्या बत्तीस स्टेज, राक्षस, नाणी आणि सूर यांसह, अवघ्या 40 किलोबाइटांत मावला होता. आज मोबाइलवर येणारे शुभ सकाळचे एखादे चित्रही त्याहून जड असते. जागेची टंचाई अशी की, आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग निराळा. एवढ्या काटकसरीत ज्या एका गोष्टीवर सढळ हाताने श्रम खर्च केले गेले ती म्हणजे मारिओची उडी. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी ती उंच जाते. धावण्याचा वेग जितका अधिक, तितका तिला जोर अधिक. आणि पाय जमिनीवरून सुटल्यानंतरही, जे निसर्गात कोणालाच साधत नाही ते त्याला साधते, म्हणजे हवेतल्या हवेत थोडी दिशा बदलता येते. हे नियम कोणत्याही मुलाला कोणी शिकविले नाहीत. ते अंगठ्याने शिकून घेतले आणि अंगठ्यातच राहिले. चित्र डोळ्यांना आठवते, सूर कानांना आठवतो, पण हे दोन्ही साक्षीदार काळाच्या ओघात उदार होतात आणि जुन्या चौकोनी ठिपक्यांच्या जागी गुळगुळीत चित्र आले तरी ‘होय, असेच होते’ अशी साक्ष देऊन मोकळे होतात. अंगठा मात्र असा सहज फितूर होत नाही. पुनर्निर्मितीच्या खरेपणाची परीक्षा त्याच्यासमोरच व्हावी, हे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

एवढे म्हणून थांबता आले असते, तर ही प्रस्तावना बिद्रीत बसून लिहिण्याचे कारण नव्हते. अडचण अशी आहे की, ज्या अस्सलाशी नक्कल ताडून पाहावयाची, ते अस्सल आमच्या भागात कधी आलेच नाही.

कागल तालुक्यातील हे गाव कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्यात सर्वतोमुखी असले, तरी निन्टेंडो कंपनीच्या दफ्तरी त्याची नोंद असण्याचा संभव नव्हता. त्या कंपनीने आपले फॅमिकॉम यंत्र जपानात 15 जुलै 1983 रोजी विक्रीस काढले, आणि पुढे त्याच्या नकला तैवानात व चीनमध्ये तयार होऊन निम्म्या जगात पसरल्या. रशियात 1992 पासून ‘डेंडी’ या नावाने असेच एक यंत्र घरोघरी गेले, आपल्याकडे ‘मीडिया’, ‘समुराय’ अशी नावे खोक्यांवर दिसत. गावात मात्र त्या सर्वांना एकच नाव होते: टीव्ही गेम. तो घरात येण्याचा मुहूर्त पंचांगात सापडत नसे. गळीत हंगामाचे उसाचे बिल खात्यावर जमा झाले, म्हणजे बापाच्या मनाला जी क्षणिक उदारता येते तीत तो साधून घ्यावा लागे. ज्यांना ते साधले नाही त्यांच्यासाठी तालुक्याच्या वा बाजाराच्या गावी एखादा दुकानदार तासाच्या हिशेबाने खेळू देई. कार्ट्रिजला कॅसेट म्हणत, ती चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारीत, आणि त्या फुंकरीने यंत्राचे काही भले होते की नाही याचा ऊहापोह कोणी करीत नसे.

त्या कॅसेटींवर छापलेला मजकूर पाहावा. 9999999 खेळ एकात, असा निःशंक दावा केलेला असे. प्रत्यक्षात मारिओ, काँट्रा आणि असेच थोडे खेळ निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या स्टेजपासून सुरू होतील असे पुनःपुन्हा यादीत चढविलेले असत. एका सातबाराच्या उताऱ्यावर शंभर खातेदार दाखवावेत आणि जमीन मात्र दीड गुंठा असावी, तसलाच हा कारभार. मूळ कंपनीचे नाव आणि हक्काचे साल पुष्कळदा पुसून टाकलेले असे. त्यामुळे या खेळांचा कर्ता कोण, तो कोणत्या देशीचा, हे आमच्या पिढीला पुष्कळ उशिरा कळले. लोककथेला कर्ता नसतो तसा मारिओलाही तो नव्हता.

पण खरी गोम याहून खोल आहे. जपान आणि अमेरिका येथील दूरचित्रवाणीची पद्धत पडद्यावर सेकंदाला साठ वेळा चित्र आखणारी होती, तर आपण स्वीकारलेली पाल पद्धत पन्नास वेळा आखणारी. आणि हे खेळ काळ मोजीत ते घड्याळाने नव्हे, चित्रांच्या या मोजणीने. साठाच्या हिशेबाने लिहिलेला खेळ पालच्या नकली यंत्रावर चढविला की तो एक-षष्ठांशाने मंद चाले: मारिओ किंचित आळसावून धावे, उडीत किंचित अधिक काळ तरंगे, आणि कोंदोंची चालही संथ होई. अशा यंत्रावर ज्याचा हात बसला, तो आज नव्या उपकरणावर मूळ जपानी खेळ, एका बिंदूचाही फरक न केलेला, कायदेशीर रीतीने विकत घेऊन सुरू करतो आणि चकित होतो, कारण तो त्याच्या स्मरणापेक्षा वेगवान असतो. अस्सल त्याला नक्कल वाटते. ही तक्रार घेऊन त्याने कोणाकडे जावे? कागदोपत्री कंपनीचीच बाजू खरी आहे, आणि तरीही अंगठ्याची साक्ष खोटी नाही. या ग्रंथात जेथे जेथे ‘मूळ’ हा शब्द आला आहे, तेथे जपानातले मूळ की आपल्या घरातले मूळ, याचा खुलासा त्या त्या जागी केला आहे. ज्यांना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटेल त्यांनी ती ओलांडून पुढे जावे.

आणखी एक स्थानिक कारण नोंदविले पाहिजे, ते म्हणजे वीज. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये खेळ जेथवर आला तेथे जतन करून ठेवण्याची कोणतीही सोय नाही. लाईट गेली की राज्य गेले. भारनियमनाच्या काळात, आणि त्यापूर्वीही, खेड्यातल्या मुलाने आठव्या जगाचा शेवटचा किल्ला पाहिलेला असणे ही दुर्मीळ बाब होती. उलट पहिल्या जगाची पहिली स्टेज मात्र त्याने इतक्या वेळा ओलांडलेली असे की, पहिला राक्षस कोठे येतो, कोणत्या चौकटीतून मशरूम निघतो, कोणत्या नळातून तळघरात उतरता येते, हे त्याला गावातल्या बोळांइतके पाठ होते. म्हणूनच 1993 साली निन्टेंडोने ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या नावाने जुने चार खेळ नव्या सोळा-बिट यंत्रासाठी पुन्हा रंगवून काढले आणि त्यांत खेळ जतन करण्याची सोय घातली, तेव्हा ती सुधारणा वरकरणी निरुपद्रवी असली तरी तिने खेळाचा स्वभाव बदलला. जो प्रवास दरवेळी मूळपीठापासून करावा लागे, तो आता टप्प्याटप्प्याने करता येऊ लागला. आज तर जुने खेळ नव्या यंत्रावर खेळताना चुकलेली उडी मागे फिरवून पुन्हा घेता येते, आणि खड्ड्याचे भय पार नाहीसे होते. ही सोय मी त्याज्य मानीत नाही. नोकरी करून रात्री दहा वाजता खेळायला बसणाऱ्या मनुष्याला ती देवदूतासारखी वाटते. परंतु तिला पुनर्भेट म्हणू नये, एवढेच.

त्याच ‘ऑल-स्टार्स’मध्ये दुसरा एक बारीकसा फेरफार झाला, ज्याची चर्चा पुढे एका संपूर्ण प्रकरणात केली आहे. जुन्या खेळात मारिओने विटेवर डोके आपटले की वीट फुटो वा न फुटो, तो तत्काळ खाली फेकला जाई. नव्यात वीट फुटल्यावरही त्याची ऊर्ध्वगती तशीच चालू राहते. चित्रकाराने केलेले शेकडो बदल पाहून ज्याला काही वाटले नाही, तो खेळाडू या एका बदलाने अडखळतो. का अडखळलो हे त्याला सांगता येत नाही. एवढेच म्हणतो, ‘हा तो गेम नाही.’ अशाच प्रकारचा पण पुष्कळ मोठा वाद 2017 साली ‘क्रॅश बँडिकूट’च्या पुनर्निर्मितीवरून झाला. व्हिकेरियस व्हिजन्स या मंडळींनी 1996 ते 1998 या काळातील तिन्ही खेळ मोठ्या मेहनतीने नव्याने बांधले, नायकाच्या अंगावरचा केस न् केस रंगविला, पण तिघांनाही तिसऱ्या खेळाच्या धर्तीवरची एकच हाताळणी दिली आणि पायांच्या स्पर्शाचा अदृश्य आकार गोलसर ठेवला. परिणामी पहिल्या खेळातल्या अरुंद पुलांवर क्रॅश कडेवरून घसरून पडू लागला. करणाऱ्यांनी हा फरक मान्य करून त्याची कारणे जाहीर केली, हे त्यांच्या पदरात टाकावयास हवे.

‘डकटेल्स’विषयी माझे मत थोडे कडू आहे, आणि ते लपविण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. कॅपकॉमचा हा खेळ 1989 सालचा. ज्या व्यंगपटावरून तो बेतला तो नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून रविवारी लागत असे, त्यामुळे खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही अंकल स्क्रूज आणि त्यांची काठी ठाऊक होती. वेफॉरवर्ड या संस्थेने 2013 साली त्याची नवी आवृत्ती काढली, आणि स्क्रूजला आवाज देण्यासाठी मूळ मालिकेतील, वयाची नव्वदी ओलांडलेल्या अ‍ॅलन यंग यांना पुन्हा पाचारण केले. कल्पना हृद्य होती. पण आवाज मिळाला म्हणून तो ऐकविण्याचा मोह सुटेना, आणि दर चार उड्यांनंतर खेळ थांबवून पात्रांना संवाद म्हणावयास लावले. धावत्या मनुष्याला वाटेत अडवून कुशल विचारणे हा सभ्यपणा खरा, पण तो चारदा झाला की उपद्रव होतो. मात्र काठीवर टुणटुण उडण्याची जुनी, अवघड रीत ज्याला हवी असेल त्याने ती निवडावी अशी मुभा तेथे आहे, आणि या एका मुभेमुळे कर्त्यांना अंगठ्याचे महत्त्व कळले होते असे मानावयास जागा राहते.

याउलट ज्या पुनर्निर्मितीला मी या पुस्तकात सर्वांत अधिक पृष्ठे दिली आहेत, तिचे नाव ‘वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप’. तिच्या वंशावळीची हकीकत अशी की, ‘वंडर बॉय’ हा मूळचा 1986 सालचा खेळ. त्याचे नाव आणि नायक सेगा कंपनीच्या ताब्यात, पण उरलेला खेळ हडसन कंपनीला मिळू शकला, म्हणून तिने नायक बदलून, बटण सेकंदाला सोळा वेळा दाबण्याबद्दल जपानात ख्यातकीर्त झालेले आपले ताकाहाशी मेइजिन यांनाच पानांचे वस्त्र नेसवून ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ म्हणून तो बाजारात आणला. आपल्या कॅसेटींत हेच दगडी कुऱ्हाड फेकणारे आणि फळे खात धावणारे गृहस्थ होते. त्या ‘वंडर बॉय’च्या कुळातला 1989 चा एक खेळ घेऊन लिझार्डक्यूब या फ्रेंच मंडळींनी 2017 मध्ये त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. ओमार कॉर्नू यांनी जुन्या खेळाची यंत्रभाषा उलगडून त्याचे सारे नियम जसेच्या तसे घेतले, बेन फिके यांनी त्यावर हाताने चितारलेली नवी दृश्ये चढविली, आणि मग एक बटण असे ठेवले की ते दाबताच, खेळ न थांबता, नवे चित्र जाऊन तेथे जुने ठिपक्याठिपक्यांचे चित्र यावे. संगीतासाठीही तशीच व्यवस्था. जुन्या खेळाचे सांकेतिक शब्द ज्यांनी वहीत उतरवून ठेवले असतील, त्यांना ते आजही चालतात! नव्या मजकुराखाली जुना दस्तऐवज असा उघडा ठेवण्याचे धैर्य फार थोड्यांत असते. ज्याला शंका येईल त्याने बटण दाबावे आणि ताडून पाहावे. उडी दोन्हीकडे एकच आहे.

काँट्राविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. कोनामीचा तो खेळ 1987 साली आला. शास्त्रकार त्याला उड्यांचा खेळ म्हणतील की गोळीबाराचा, हा वाद मी उपस्थित करीत नाही, कारण आमच्याकडे मारिओ आणि काँट्रा ही जोडनावेच होती. एक गोळी लागली की एक लाईफ गेली, आणि लाईफ तीन. तीस लाईफ मिळवून देणारी ‘वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी’ ही गुप्त विद्या कोणत्या मार्गाने गावोगाव पोचली, हा मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी खरोखर हाती घ्यावा असा विषय आहे. 2024 साली ‘ऑपरेशन गालुगा’ या नावाने, पुन्हा वेफॉरवर्डकडूनच, काँट्राची पुनर्रचना झाली. तीत हवेत दुसरी उडी मारता येते आणि एकाहून अधिक मार सोसता येतो. खेळ म्हणून तो रंजक आहे. पण जुन्या काँट्रात दोघे भाऊ वा मित्र खांद्याला खांदा लावून बसत, त्यांतला एक वरच्या कड्यावर घाईने चढला की पडदा वर सरके आणि खालच्याचा जीव जाई, आणि त्यावरून जी खरीखुरी मारामारी होई, तिची जागा घेण्यासारखे नव्यात काही नाही.

शेवटल्या भागात संगणकावरच्या खेळांचा विचार केला आहे. गावात टीव्ही गेम मागे पडत असतानाच, 2001 मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांनी संगणक खेड्याच्या नजरेस आणला, आणि अशा वर्गांत शिक्षकांची पाठ वळताच ‘डेंजरस डेव्ह’ सुरू होई. जॉन रोमेरो यांचा हा दहा स्टेजचा खेळ स्वतः मारिओच्याच छायेत वाढलेला. पण 1990 सालच्या सप्टेंबरात जॉन कारमॅक आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत मारिओच्या तिसऱ्या खेळाची पहिली स्टेज संगणकावर हुबेहूब उतरविली, नायक मात्र डेव्ह ठेवला, आणि त्या चेष्टेला नावच ‘स्वामित्वहक्कभंग’ अशा अर्थाचे दिले. तो खेळ संगणकासाठी तयार करण्याचा त्यांचा प्रस्ताव निन्टेंडोने पुढे नाकारला. त्यातूनच ‘कमांडर कीन’ आणि त्या मंडळींची स्वतंत्र संस्था उभी राहिली. नकलेकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावे, असे मी सुचवीन. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चेही स्वतंत्र प्रकरण आहे, जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून, त्याचे चित्रण करून, त्यावरून 1989 चा तो राजपुत्र घडविला होता. तेथे उडीला वजन आहे, विलंब आहे, आणि कडा चुकली की मृत्यू आहे. त्या खेळाची 2007 सालची पुनर्निर्मिती या तीन कसोट्यांवर कितपत उतरते, हे तेथेच पाहावे.

‘डक हंट’ या पुस्तकात नाही, याबद्दल काही स्नेह्यांनी आधीच नापसंती दर्शविली आहे. तो उड्यांचा खेळ नव्हे हे एक कारण, पण मुख्य कारण निराळे: त्याची बंदूक जुन्या फुगीर काचेच्या संचावर चित्र ज्या क्षणी आखले जाते त्या क्षणाचा प्रकाश टिपून नेम ठरवी, आणि आजच्या सपाट पडद्यासमोर ती मुळीच चालत नाही. पुनर्भेटीसाठी खेळाबरोबर जुना टीव्हीही लागेल, आणि तो ज्यांच्याकडे अद्याप चालू स्थितीत असेल त्यांनी माझ्याशी जरूर संपर्क साधावा. फुंकरीसह सर्व खर्च मी सोसेन.

बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर